टालिनचा गंधार

केवळ एक क्वायर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा वृंद, ऐकायला एवढ्या लांब जावं का? जावं. बाल्टिक समुद्रकाठच्या एस्टोनियाबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात राजधानी टालिनच्या जुन्या शहराची तटबंदी आणि स्टार्टअप यांच्यापुढे फारसं कुणी जात नाही, आणि हा देश तर गाण्यातून कळतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर हा पंचवीसेक गायकांचा व्यावसायिक वृंद. गाणं हीच या माणसांची नोकरी. तोनू काल्युस्ते यांनी तो १९८१ साली उभा केला आणि वीस वर्षं चालवला. मग पॉल हिलियर, डॅनियल रॉइस, कास्पार्स पुटनिन्श असे संचालक आले, आणि २०२१ मध्ये काल्युस्ते पुन्हा मुख्य संचालक झाले. आर्वो पॅर्त या एस्टोनियन संगीतकाराच्या कितीतरी रचना जगाने याच वृंदाच्या गळ्यातून ऐकल्या. पॅर्तचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा. काल्युस्तेंनी सुरू केलेल्या नार्गेन फेस्टिव्हलमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला पॅर्तच्या संगीताचे कार्यक्रम होतात. आम्ही तोच आठवडा धरला.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्याने मिरजेत उभा जन्म शाळेत संगीत शिकवण्यात घालवला. पाश्चात्त्य संगीत तिने फारसं ऐकलेलं नाही, पण सूर हलला की तिच्या कपाळावर आठी येते. अशा माणसाबरोबर क्वायर ऐकायला जाणं हे मला कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा मोलाचं वाटलं.

बुधवार : बोटीतून टालिन

मुंबईहून हेलसिंकी आणि तिथून दोन तासांची बोट. डेकवर गार वारा होता, पण आत्या आत यायला तयार नव्हती. समुद्रातून टालिन दिसतं ते मनोऱ्यांनी: आधी ओलाफ चर्चचा उंच सुळका, मग निगुलिस्ते चर्चचा, मग तूम्पेआ टेकडीवरच्या रशियन कॅथीड्रलचे काळसर घुमट.

खोली कालामाया भागात घेतली होती. जुनी लाकडी घरं, पिवळी, हिरवी, फिकट निळी. अंगणात सफरचंदाची झाडं आणि खाली पडलेल्या सफरचंदांच्या बादल्या फाटकापाशी ठेवलेल्या, ज्याला हवी त्याने न्यावीत म्हणून. घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आल्या आल्या वाडग्यात काहीतरी घट्टसर, तपकिरी कालवून पुढे ठेवलं. त्याला कामा म्हणतात. जव, राय, ओट आणि वाटाणे भाजून दळलेलं पीठ, आंबट दुधात कालवलेलं. आत्याने एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हे तर ताकातलं सातूचं पीठ! गूळ आहे का विचार." गूळ नव्हता, मध मिळाला. पुढचे सगळे दिवस आमची न्याहारी तीच.

मग बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या क्वायरमध्ये गाता?" गाता का, असं नाही, कुठल्या, असं. पावणेचौदा लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात पुढेही जो भेटला त्याने हाच प्रश्न केला. आत्या गाते हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशीचं आमंत्रण दिलं. त्या बायकांच्या एका क्वायरमध्ये खालच्या पट्टीत गातात, गुरुवारी संध्याकाळी तालीम असते.

टालिनला जाणाऱ्यांसाठी: ट्राम आणि बसमध्ये पुढच्या दारापाशी नारिंगी यंत्र असतं, त्यावर आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट झालं. जुन्या शहरात मात्र चालावंच लागतं आणि रस्ते गोट्यांचे आहेत. पावसात ते निसरडे होतात, तेव्हा जाड तळाचे बूट न्या. आत्याच्या चपला बॅगेतून बाहेर निघाल्याच नाहीत.

गुरुवार : निगुलिस्ते आणि एका शाळेचं सभागृह

सकाळी बाल्टी याम स्टेशनशेजारचा बाजार. सप्टेंबर म्हणजे तिथे अळंब्यांचा आणि रानफळांचा मोसम. पिवळ्याधमक शँटरेल अळंब्यांचे ढीग, लालभडक लिंगनबेरी, बडीशेपेच्या हिरव्या जुड्या. विकणाऱ्या आजीबाईंनी स्वतः जंगलातून वेचून आणलेला माल. आत्या शाकाहारी, त्यामुळे मी थोडी धास्तावले होते, पण अळंब्यांचं सूप, बटाटे आणि इथली काळी रायची पाव यांवर तिचं उत्तम चाललं. लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाच्या कांड्या मिळतात, त्या सोडू नका.

तिथून निगुलिस्ते. तेराव्या शतकातलं हे चर्च ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत बॉम्बवर्षावात जळालं, पुन्हा उभारलं, १९८२ मध्ये मनोऱ्याला पुन्हा आग लागली. आज ते चर्चमधल्या कलेचं संग्रहालय आहे आणि मैफलींची जागाही. बेर्न्ट नोटके या चित्रकाराचं पंधराव्या शतकातलं मृत्यूचं नृत्य इथे आहे: पोप, सम्राट, सम्राज्ञी, प्रत्येकाचा हात धरून नाचणारे सांगाडे. मूळ चित्राचा उरलेला तुकडाच भिंतभर लांब आहे. मी त्यापुढे बराच वेळ उभी राहिले. आत्या मात्र मधल्या मोकळ्या जागेत गेली आणि हलकेच सा लावला. एकच, 'आ'कारात. सोडल्यावर तो वर जाऊन रेंगाळला आणि आम्ही दोघी वर बघत राहिलो. राखणदार बाई उठून आल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी आत्याच्या कोपराला धरून तिला चार पावलं पुढे नेलं आणि खुणेने सांगितलं, इथून.

काल्युस्ते आणि त्यांच्या वृंदाने पॅर्तचं 'कानोन पोकायानेन' १९९७ साली इथेच ध्वनिमुद्रित केलं. कोलोन कॅथीड्रलच्या साडेसातशेव्या वर्षासाठी लिहिलेली ही रचना, वाद्याविना, जवळजवळ दीड तासाची. पॅर्तने ती काल्युस्ते आणि या वृंदालाच अर्पण केली आहे. १९९८ मध्ये कोलोनला ती पहिल्यांदा गायली गेली तीही यांच्याकडूनच. जागा पाहिल्याशिवाय त्या संगीतातले विराम इतके लांब का आहेत ते कळत नाही. सूर थांबला तरी दगडात तो चालू असतो, आणि तो संपेपर्यंत पुढचा शब्द म्हणायचा नसतो.

संध्याकाळची तालीम एका शाळेच्या सभागृहात. तीसेक बायका: परिचारिका, हिशेबनीस, शिक्षिका, एक ट्रामचालक. संचालिका तिशीची. तिने खिशातून स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, गुणगुणून स्वर दिला आणि पियानोचं झाकण लावून टाकलं. मग हाताच्या खुणांनी स्वर दाखवायला लागली. मूठ, तिरका तळहात, आडवा तळहात. बायका त्याप्रमाणे गात होत्या: यो, ले, मि, ना, सो, रा, दि.

आत्या माझ्या कानात म्हणाली, "हा यो म्हणजे सा आहे. पट्टी बदलली तरी यो तोच राहतो, बघ."

ते बरोबर होतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी दो म्हणजे एक ठरलेली पट्टी. हंगेरीत संगीतकार कोडायच्या परंपरेने सरकता षड्ज शाळांत रुजवला, आणि एस्टोनियात रिहो पाट्स आणि हाइनो काल्युस्ते या दोघांनी त्याच वाटेवर यो-ले-मि शाळाशाळांत नेलं. हाइनो हे तोनू काल्युस्तेंचे वडील. त्यांनी १९५१ साली एलरहाइन नावाचा मुलांचा क्वायर सुरू केला होता. त्या परिवारातल्याच तरुणांच्या चेंबर क्वायरमधून १९८१ चा व्यावसायिक वृंद निघाला. ज्या वृंदाचं नाव आपण युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांच्या संदर्भात ऐकतो त्याचं मूळ शाळेच्या वर्गात आहे, हे मला त्या सभागृहातल्या लाकडी खुर्चीवर बसून समजलं.

पुढची गोष्ट आत्याने ओळखली. बायका तीन स्वरांचा मेळ धरून होत्या. संचालिकेने मधल्या स्वराच्या बायकांना खूण केली, किंचित खाली. त्या किंचित खाली आल्या आणि अख्खं सभागृह एकदम उजळल्यासारखं झालं. आत्या ताठ बसली. "स्वयंभू गंधार," ती म्हणाली. "तंबोऱ्यातला. पेटीत हा नसतो."

याचं कारण साधं आहे. पियानो आणि पेटी यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे त्यांचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार हा त्या तारेचा पाचवा स्वयंभू स्वर. वाद्य बाजूला ठेवून गाणारी माणसं एकमेकांचं ऐकत ऐकत तिथेच येऊन थांबतात. चांगला चेंबर क्वायर रोज जी मेहनत करतो तिचा मोठा भाग हाच. आवाज मोठा करण्याची नाही, शेजारच्याच्या सुरात आपला सूर इतका मिसळायचा की कुणाचा कुठला ते कळू नये. आपल्याकडे गायकाची जवारी, त्याची मींड, त्याची जागा हे सगळं त्याचं स्वतःचं. इथे ते सोडायचं असतं. ही शिस्त मला आपल्या तालमीइतकीच कठीण वाटली.

मध्यंतरात कॉफी आणि दालचिनीचा वेटोळा पाव. भारतात क्वायर आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी गोव्यातल्या चर्चमधल्या गायनाबद्दल सांगितलं, आणि मुंबईतल्या परांज्योती अकॅडमी कोरसबद्दल. व्हिक्टर परांज्योतींनी तो उभा केला आणि त्यांच्या पश्चात कूमी वाडियांनी दशकानुदशकं सांभाळला. वाडियांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एका स्त्रीने इतकी वर्षं क्वायर चालवला हे ऐकून संचालिकेने वहीत नाव लिहून घेतलं.

मग आत्याला गायचा आग्रह झाला. तिने अट घातली: तुम्ही सा आणि प धरा, आकारात, मी सांगेपर्यंत सोडू नका. अर्ध्या बायकांनी सा धरला, अर्ध्यांनी पंचम, श्वास आळीपाळीने घेत, म्हणजे स्वर कुठेच तुटला नाही. आत्याने भूप राग सुरू केला. पाच-सहा मिनिटंच गायली असेल. गंधारावर ती थांबली तेव्हा डावीकडच्या दोन-तीन बायका आपोआप त्या गंधारावर आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

शुक्रवार : बोट रद्द, लाउलुव्हॅल्याक

आज नाइसार बेटावर जायचं होतं. काल्युस्तेंच्या फेस्टिव्हलचं नाव या बेटाच्या जुन्या जर्मन नावावरून, आणि तिथल्या ओमारी नावाच्या शेतघराच्या कोठारात उन्हाळ्यात संगीताचे प्रयोग होतात. सोव्हिएत काळात तिथे पाणसुरुंग बनत; त्यांची पोकळ कवचं अजून जंगलात पडलेली आहेत. दुर्बिणींमध्ये क्रांती करणारा बेर्नहार्ड श्मिट हाही १८७९ साली तिथेच जन्मला. हे सगळं वाचून गेले होते आणि धक्क्यावर पोचलो तर वाऱ्यामुळे बोट रद्द. लाटा खरंच मोठ्या होत्या. नाइसारचा ज्यांना मोह आहे त्यांनी जून ते ऑगस्टमध्ये जावं आणि हाताशी एक मोकळा दिवस ठेवावा.

मग ट्राम पकडून काद्रिओर्गला गेलो आणि तिथून बागेतून चालत लाउलुव्हॅल्याकला, म्हणजे गाण्याच्या मैदानावर. रिमझिम पाऊस, ओली पानं, रोवनच्या झाडांना लाल घोस. मैदान म्हणजे समुद्राकडे उतरत जाणारी गवताची प्रचंड उतरण आणि तिच्या तळाशी काँक्रीटची कमान. आलार कोटली या वास्तुकाराने ती आखली आणि १९६० मध्ये ती बांधून झाली. दर पाच वर्षांनी साधारण होणाऱ्या गानमहोत्सवात या कमानीखाली हजारो गायक एकाच वेळी उभे राहतात.

उतरणीच्या वरच्या कडेला संगीतकार गुस्ताव एर्नेसाक्स यांचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी एक आजोबा छत्री घेऊन बसले होते. आम्हाला बघून सरकले. मोडक्या इंग्रजीत बोलणं सुरू झालं. ते पहिल्या वाक्यातच म्हणाले, मी टेनर, म्हणजे पुरुषांमधला वरच्या पट्टीचा आवाज. मग बोट दाखवून सांगितलं, ११ सप्टेंबर १९८८ ला मी त्या तिथे उभा होतो.

त्या दिवशी या मैदानावर सुमारे तीन लाख माणसं जमली होती, असं सांगतात. सोव्हिएत सत्ता अजून होती. त्या उन्हाळ्यात आणि त्या दिवशी जे घडलं त्याला गाणारी क्रांती म्हणतात, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला. पण आजोबांनी त्याआधीची गोष्ट सांगितली. लिडिया कोइदुलाच्या 'माझी मायभूमी माझं प्रेम' या कवितेला एर्नेसाक्सने १९४४ मध्ये चाल दिली. ते गाणं पुढे कार्यक्रमातून वगळलं गेलं. १९६० च्या महोत्सवात, नव्या कमानीखाली, अधिकृत कार्यक्रम संपल्यावर लोकांनी ते आपणहून म्हणायला सुरुवात केली. "माझी आई इथे होती," आजोबा म्हणाले. "ती सांगायची, सुरुवात कुणी केली ते कुणालाच माहीत नाही."

आत्याने त्यांना ते गाणं म्हणायला सांगितलं. त्यांनी छत्री मिटली, उभे राहिले, पावसात पहिलं कडवं म्हटलं. आवाज पातळ झालेला, सूर अगदी जागेवर. खालच्या रस्त्याने कुत्रा घेऊन चाललेली एक मुलगी थांबली आणि तिने खालून दुसरा सूर धरला. मी हे जसं घडलं तसंच लिहिते आहे.

शनिवार : लाउलास्मा आणि मैफल

टालिनच्या पश्चिमेला साधारण ३५ किलोमीटरवर, लाउलास्माला, समुद्राजवळच्या पाइनच्या जंगलात आर्वो पॅर्त केंद्र आहे. बस जाते, पण शेवटचं अंतर चालावं लागतं. स्पॅनिश वास्तुविशारद नीएतो सोबेहानो यांनी केलेली इमारत २०१८ मध्ये उघडली. बारीक पांढरे खांब, काचेच्या भिंती, मधे पंचकोनी चौक. आत असताना आपण जंगलातच आहोत असं वाटत राहतं. पॅर्तच्या वह्या, हस्तलिखितं, पुस्तकं सगळं इथे जपलेलं आहे. कानाला लावायचं यंत्र देतात, त्यात संगीत ऐकत फिरता येतं. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या, आणि किमान तीन तास ठेवा.

पॅर्तची गोष्ट इथे नीट उलगडते. १९६८ मध्ये त्याच्या एका रचनेत ख्रिस्तावरच्या श्रद्धेचा उघड उच्चार होता, आणि त्यावरून सोव्हिएत अधिकाऱ्यांची खप्पामर्जी झाली. त्यानंतर बरीच वर्षं तो जवळजवळ गप्प होता; जुनं चर्चसंगीत अभ्यासत राहिला. १९७६ मध्ये त्याला त्याची स्वतःची वाट सापडली. १९८० मध्ये देश सोडून व्हिएन्नाला, मग बर्लिनला. कायमचा परत आला तो २०१० च्या सुमारास.

ती वाट आपल्या कानांना समजायला सोपी आहे. दोन आवाज घ्या. एक आवाज मधल्या एका स्वराभोवती पायरीपायरीने चढतो-उतरतो, आपल्या साध्या अलंकारासारखा. दुसरा आवाज फक्त तीन स्वरांत राहतो: सा, कोमल गंधार, पंचम. पहिला कुठेही जावो, दुसरा त्याला या तिघांपैकीच एका स्वराने साथ देतो. कधी दोघे जुळतात, कधी एकमेकांना घासतात, पुन्हा जुळतात. आत्याने एका वहीची छापील प्रत पाहिली, आकडे मोजले आणि म्हणाली, "हा पलटे लिहितोय." पलटे म्हणजे ठराविक क्रमाने स्वर फिरवण्याचा रियाज. केंद्रातल्या तरुणीला मी ते समजावून सांगितलं तेव्हा ती धावत जाऊन आणखी दोन पानं दाखवायला घेऊन आली.

परत येऊन कपडे बदलले आणि निगुलिस्तेला गेलो. तिकिटं आधीच काढली होती. या आठवड्यातल्या मैफलींची तिकिटं फार लवकर संपतात. चर्चमध्ये गारठा असतो, शाल न्याच. जागा मिळाली तर मधल्या ओळींत बसा, अगदी पुढे नको. आवाज एकत्र व्हायला त्याला थोडं अंतर लागतं.

गायक काळ्या कपड्यांत, वह्या हातात, अर्धवर्तुळात. तोनू काल्युस्ते १९५३ सालचे, सत्तरी ओलांडलेले. हातात काठी नव्हती. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा त्यांनी गायकांच्या आधी स्वतः श्वास घेतला, आणि तो सव्वीस जणांचा झाला. मग पुरुषांचा खालचा आवाज आला. तो कुठून सुरू झाला हे मला सांगता येणार नाही. आपण त्याच्या आत आहोत एवढंच कळलं. 'कानोन पोकायानेन'मधले काही भाग होते. शब्द चर्चच्या जुन्या स्लाव भाषेतले, पश्चात्तापाचे. संगीताची लय शब्दांच्या लांबीवरून ठरलेली. एकेका ओळीनंतर काल्युस्ते हात तसाच धरून ठेवत. कुणी हलत नव्हतं. छतातला सूर संपला की हात किंचित खाली, आणि पुढची ओळ.

संचालक काय करतो, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गायकांना स्वर माहीत असतात, शब्द पाठ असतात, मग समोर उभा राहून हात हलवणारा कशाला? त्या संध्याकाळी मला जे दिसलं ते सांगते. काल्युस्ते सतत ऐकत होते. एका बाजूचा सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, जरा पुढे आला तर त्यांचा डावा तळहात तेवढ्यापुरता खाली वळे, आणि चेहरा मात्र दुसरीकडे, जिथे पुढची सुरुवात होणार तिथे. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे ठरवणारा एक कान तिथे लागतो. सव्वीस उत्तम कान असूनही हा एक लागतो.

उत्तरार्धात वेल्यो तोर्मिस. पॅर्तच्या अगदी उलट स्वभाव. तोर्मिसने एस्टोनियाची आणि शेजारच्या नामशेष होत चाललेल्या छोट्या जमातींची जुनी लोकगीतं घेऊन क्वायरसाठी रचना केल्या. जुनं गाणं असं: पुढारी एक ओळ म्हणतो, तिच्या शेवटच्या अक्षरांवर बाकीचे येऊन मिळतात आणि ती ओळ पुन्हा म्हणतात, त्यांच्या शेवटावर पुढारी पुढची ओळ घेतो. गाणं कधी तुटतच नाही. शेवटी १९७२ सालची 'लोखंडाला शाप', शामनच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, ढोलासकट. लोखंडाचा जन्म, त्याने केलेलं पाप, आणि मग रणगाडे आणि बॉम्बचा उल्लेख. मघाशी ज्यांचा आवाज धुक्यासारखा विरत होता तेच गायक आता ओरडत होते, कुजबुजत होते, पाय आपटत होते. बॉम्बने जळालेल्या चर्चमध्ये ते ऐकताना माझ्या हातापायाला कंप सुटला. तोही सगळा सुरातच होता, ओरडणंसुद्धा.

टाळ्या फार वेळ चालल्या. बाहेर आल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. ट्रामच्या थांब्यावर तिने विचारलं, "यातला एकही आवाज तुला ओळखता येईल का उद्या?" मी नाही म्हटलं. "मलाही नाही," ती म्हणाली. "आयुष्यभर मी मुलींना सांगत आले, तुझा आवाज काढ. हे कुणी शिकवलंच नाही."

रविवार : टार्टू

सकाळची नारिंगी रंगाची रेल्वे, दोनेक तासांत टार्टू. तिकीट ऑनलाइन घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. खिडकीतून बर्च, दलदल, आणि मधेच अळंब्यांच्या टोपल्या घेतलेली कुटुंबं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं.

टार्टू हे १६३२ सालच्या विद्यापीठाचं गाव, आणि पहिला गानमहोत्सव इथेच १८६९ मध्ये भरला. लिव्होनिया या तेव्हाच्या प्रांतातल्या शेतकऱ्यांची वेठबिगारी संपली त्याला पन्नास वर्षं झाली होती. त्या निमित्ताने वृत्तपत्रकार यान्सेन यांनी तो भरवला. आठशेच्या वर गायक आले, सगळे पुरुष, गावोगावच्या क्वायरांतले. तेव्हा एस्टोनियन ही खेडुतांची भाषा समजली जाई, राज्य रशियाच्या झारचं, जमीनदार जर्मन. कवयित्री कोइदुला ही यान्सेनचीच मुलगी.

गानमहोत्सवाचं संग्रहालय नदीपलीकडे, व्हानेमुइने संस्थेच्या जुन्या घरात आहे. जागा लहान, पण वेळ देण्याजोगी. जुने झेंडे, गावागावांची पोशाखं, हाताने नकललेली स्वरपत्रं. एका काचेत एका खेड्यातल्या क्वायरची हजेरीची वही होती. शाईने रेघा मारून नावं, पुढे खुणा. तिथल्या बाईंनी सांगितलं, या माणसांना दिवसभर शेतात काम असे, तालमीला येताना ती बारा-पंधरा किलोमीटर चालत येत. आत्या त्या वहीवर वाकून बराच वेळ उभी होती. कुणाच्या खुणा सलग आहेत, कोण सुगीत गैरहजर आहे, सगळं तिने निरखून पाहिलं.

बाहेर नदीकाठच्या बाकावर आम्ही काळा पाव आणि चीज खाल्लं. तिथूनच आत्याने मिरजेला तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. "शनिवारी सात-आठ मुली गोळा करशील का गं? हो, आठवी-नववीतल्या चालतील. नाही, पेटी नको. तंबोरा जुळवून ठेव. काय गायचं ते मी आल्यावर सांगते, आधी नुसता गंधार लावायचा आहे सगळ्यांनी मिळून."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"एकच. पण प्रत्येकीचा तोच," आत्या म्हणाली.